पेन्सिलीतले एकसष्ट दिवस

मित्रांनो, मी एका बँकेच्या शाखेतले जुने हजेरीचे मस्टर आहे. आता माझा पुठ्ठा खिळखिळा झाला आहे, पण एके काळी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे रोज सकाळी माझ्यापुढे वाकत. दहाचा ठोका पडला की हेडक्लार्क मला आपल्या टेबलावर नेत आणि उशिरा येणाऱ्यांची भंबेरी उडे. मला तर फार मजा वाटे.

आमचे रोखपाल मात्र उशिरा येताना कधीच सापडले नाहीत. सगळे त्यांना घड्याळराव म्हणत. एकदा दुसऱ्या शाखेतला रोखपाल आजारी पडला, म्हणून त्यांना दोन महिने तिकडे पाठवले. बाहेर गेलेल्याच्या ओळीत हेडक्लार्क पेन्सिलीने बारीक नोंद करत आणि तो परतला की तिच्यावर शाई फिरवत. त्या वेळी शाई फिरवायची राहून गेली. वर्ष संपले आणि मी अडगळीत पडलो. तिथे मला कुणी विचारले नाही, याचे खूप वाईट वाटले.

घड्याळराव निवृत्त झाले, तेव्हा बँकेने पेन्शन नाकारली. वीस वर्षांच्या सेवेला एकसष्ट दिवस कमी पडतात, त्या दिवसांत ते गैरहजर होते, असे तिचे म्हणणे. ते कोर्टात गेले, तेव्हा बँकेने पुरावा म्हणून माझ्या पानांच्या झेरॉक्स तिथे दिल्या. त्यांत ती ओळ कोरी होती. दुसऱ्या शाखेचे मस्टर केव्हाच रद्दीत गेले होते. घड्याळरावांनी हाय खाल्ली.

त्यांची बायको मात्र खमकी. ती त्यांच्या वकीलबाईंना म्हणाली, "मुलीच्या लग्नाला यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दोन महिने घरी बसले असते तर मीच हाकलून दिलं असतं. मूळ मस्टर मागवा."

मग धूळ झटकून मला कोर्टात नेले. न्यायाधीशांनी मला खिडकीकडे तिरपे धरले आणि सावकाश वाचले, "साहेबांच्या हुकमाने दुसऱ्या शाखेत कामावर." झेरॉक्सला न दिसलेली फिकट पेन्सिल त्यांना दिसली. बँकेच्या वकिलांनीही चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि मान डोलावली. ते दिवस सेवेत धरले गेले, पेन्शन मंजूर झाली. घड्याळराव भर कोर्टात रडले. मलाही भरून आले.

आता मी कोरड्या कपाटात ऐटीत राहतो. परवा शाखेतल्या दोन निवृत्त बायका मला शोधत आल्या, आपापल्या ओळी सापडल्यावर हसत गेल्या. मित्रांनो, जुनी वही रद्दीत घालण्याआधी एकदा नीट चाळून पाहा. तिच्यात कुणाचे तरी म्हातारपण सांभाळून ठेवलेले असते.