धार असेल तर चुलीत

भाताच्या कुकरचं बटण टक्कन उडालं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली.

भांडण वगैरे काही नव्हतं. पहाटेच्या नमाजानंतर पहिला चहा पोटात जाईपर्यंत मस्तुराच्या सासूबाई, मक जेनाब, बोलत नसत, एवढंच. मस्तुरा खाली बसून कांदे सोलत होती. नुरीन, तिची पाच वर्षांची मुलगी, दारापाशी गादीवर पाय पसरून झोपली होती. मक उठल्या, कुकरचं झाकण काढलं, आतलं भांडं दोन्ही हातांनी काठाला धरून उचललं आणि पाच पावलं चालत जाऊन टेबलावर ठेवलं.

फडकं न घेता.

मस्तुराची सुरी थांबली. भांड्यातून वाफेचा लोट उठत होता आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती.

"मक, फडकं."

"कसलं फडकं?"

"हात भाजेल ना."

"चाळीस वर्षं निखाऱ्यांत हात घालतेय," मक म्हणाल्या. "आता निखारेच मला घाबरतात."

मस्तुरा हसली. हसायचंच होतं, म्हणून हसली. पण मक चहा गाळायला वळल्या तेव्हा तिला त्यांची बोटं दिसली. टोकं लालबुंद झाली होती, आणि काठ जिथे टेकला होता तिथे पांढरी रेघ उठली होती. हात कितीही राठ असला तरी माणूस निदान 'स्स' म्हणतं, बोटं कानाच्या पाळीला लावतं. मकनी बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात बाजारात मकच्या पायातली एक चप्पल निसटली आणि त्या तशाच मासळीच्या ओळीपर्यंत चालत गेल्या. घरी येऊन सगळे पोट धरून हसले होते. सरकारी दवाखान्यात नर्सनं तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून, "कळतंय का मावशी?" असं विचारलं होतं, तेव्हा मक प्रत्येक वेळी "कळतंय" म्हणाल्या होत्या. पण डोळे मिटायचे होते ते मिटले नव्हते. नर्सच्या तोंडाकडे बघूनच त्या उत्तरं देत होत्या. साखरेचा आजार दवाखान्याच्या कागदावर होता, मकच्या तोंडी नव्हता. चहात अजून दोन चमचे पडत होते.

आणि आज रविवार होता. मकच्या हातांचा दिवस.

पासिर नीपाच्या पुलाखाली, नदीवर खांब रोवून उभा केलेला त्यांचा ठेला. वर पत्रा, खाली फळ्या, सहा टेबलं. आठवडाभर भात, आंबट-तिखट रश्शातला मासा, तळलेली कोळंबी. पण शनिवारी-रविवारी जोहोर बारू शहरातून गाड्या यायच्या त्या बेलांकाससाठी. बेलांकास म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा खेकडा; उलट्या घातलेल्या कढईसारखी पाठ, पोटाखाली वळवळणारे पाय, मागे टोकदार लांब शेपूट. आत भरलेली अंडी निखाऱ्यांवर भाजून काढायची, कच्चा आंबा, कांदा आणि मिरचीत कालवायची. मकच्या हातचं ते कालवण एकदा खाल्लेला माणूस पुन्हा आला नाही, असं झालं नव्हतं.

बेलांकास दोन जातींचा. एक समुद्राचा, तो खायचा. दुसरा खारफुटीच्या चिखलातला, तो दिसायला तसाच, अंगानं जरा लहान, आणि विषारी. पण आकाराचा भरवसा नाही, समुद्रातलाही कधी लहान असतो. फरक शेपटीत. समुद्रातल्याच्या शेपटीला तीन कडा असतात, चिखलातल्याची गोल. मकच्या सासूनं मकला शिकवलं होतं, "धार असेल तर चुलीत, गोल असेल तर नदीत." मक शेपटीकडे बघतही नसत. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता शेपूट चिमटीत धरायच्या, एकदा फिरवायच्या, की बेलांकास निळ्या टबात तरी जायचा, नाहीतर खाली पाण्यात. लोक मोबाईल काढून ते टिपून घ्यायचे. मकना ते आवडायचं. डोक्यावरचा रुमाल नीट करून घ्यायच्या.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मस्तुरानं एकदा टबातला बेलांकास उचलून शेपूट डोळ्यांसमोर धरलं होतं. शिकावं म्हणून. मक तीन दिवस जेवल्या नाहीत. "सुनेनं माझ्या हातांवर संशय घेतला," असं गल्लीभर झालं. तेव्हापासून टब मकचा आणि आंबा-कांदा मस्तुराचा. नवरा, रोस्मान, सिंगापूरच्या गोदीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी. त्याला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण तो काय म्हणणार तेही तिला पाठ होतं, "त्या हातांनी मला मोठं केलंय, मस्तुरा."

दहा वाजता अवांग कोळ्याची होडी लागली. त्यानं बेलांकासाच्या सहा माद्यांची टोपली फळीवर ठेवली आणि ओहोटी लवकर लागली म्हणून तक्रार करत निघून गेला. तेवढ्यात कोक अंकलची गाडीही आली. अंकलचं टायरचं दुकान होतं आणि अकरा वर्षं त्यांचा रविवार चुकला नव्हता. बरोबर बायको, शाळकरी नातू, आणि ऐंशी ओलांडलेली आई. म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. मासा काट्यामुळे नको, मटण चावत नाही म्हणून नको; आठवड्यातून एकदा तिला मकच्या हातची अंडी लागायची. खुर्चीत बसल्याबसल्याच ती ओठांवरून जीभ फिरवायला लागली.

मकनी टोपली पुढ्यात ओढली. पहिला उचलला, शेपूट फिरवलं, टबात. दुसरा टबात. अंकलच्या बायकोला गुडघे कसे आहेत ते विचारत तिसरा टबात. चौथा पाण्यात. पाचवा, सहावा टबात. सगळं नेहमीसारखं. त्यांनी टबातला एक काढून उताणा निखाऱ्यांवर ठेवला आणि नातवाला जवळ बोलावून पाय कसे हलतात ते दाखवायला लागल्या.

मस्तुरा कोळशाच्या पोत्याकडे जायच्या निमित्तानं उठली. टब वाटेतच होता. ती वाकली, पाण्यात हात घातला, आणि पाठ मककडे ठेवून एकेक शेपूट चाचपलं. धार. धार. तिसऱ्याला बोट निसटलं. पुन्हा धरलं. कुठेच कड लागेना. नुरीनच्या चित्रकलेच्या पेन्सिलीसारखं गुळगुळीत, गोल.

गावातली म्हातारी माणसं सांगत ते तिला आठवलं, आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हातपाय, मग श्वास. आणि ओठ म्हटल्याबरोबर तिला काल आलेली मुलगी आठवली. लाल हेल्मेटवाली. नवं लग्न झालेलं जोडपं, मोटरसायकलवरून मर्सिंगकडे निघालेलं. एकाच ताटात जेवत होते. "बेलांकासाची जोडी गं बाई, सुटतच नाही," मकनी त्यांना चिडवलं होतं. बेलांकासाचा नर मादीच्या पाठीला चिकटला की लाटेनंसुद्धा सुटत नाही. मुलगी लाजली, आणि जरा वेळानं ओठ चोळत म्हणाली, ओठ कसे बधिरच झालेत, मक, काय मिरची घातलीत. मक म्हणाल्या, अजून एक घास खा, उतरेल. मस्तुरानंच तिला बर्फ घातलेलं लिंबूपाणी नेऊन दिलं होतं.

"कोळसा आणतेयस की खाण खणतेयस?" मकचा आवाज आला. अंकल हसले.

सांगायचं तर आत्ताच. पण कसं? चार माणसांसमोर सासूच्या हातातून शेपूट घेऊन म्हणायचं, मक, हे गोल आहे? न सांगता त्यातला तेवढाच काढायचा? आणि निखाऱ्यांवरच्याचं काय? त्याचं शेपूट जळून वाकलं होतं, तीन कडा की गोल, आता देवालाच माहीत. म्हातारीनं चमचा हातात घेतला होता.

मस्तुरानं टब दोन्ही हातांनी उचलला, जणू पाणी बदलायचं आहे. दोन पावलं गेली आणि मग तिचा पाय घसरला. म्हणजे तिनं घसरू दिला. टब निखाऱ्यांवर आदळला. पाणी सांडलं, राख छतापर्यंत उडाली, भाजत असलेला बेलांकास कोळशांसकट खाली कोसळला, बाकीचे फळीवरून घसरत नदीत गेले. तिच्या पावलावर वाफ आली. तिनं ओठ चावला.

राख खाली बसली. मग मक बोलल्या. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं समोर असताना बोलल्या, की आंधळं माणूस बरं, निदान चाचपून चालतं. की माझ्या सासूच्या काळी असं झालं असतं तर मला माहेरची वाट धरावी लागली असती.

"हातांत जीव आहे की नाही तुझ्या?" मक म्हणाल्या.

मस्तुरानं मान खाली घातली. "चुकलं, मक."

कोक अंकलनी सांभाळून घेतलं. आज बेलांकासांना रविवारची सुट्टी, म्हणाले, आणि आंबट रश्शातला मासा मागवला. म्हातारी रुसली. मस्तुरानं तिच्या वाटीत मासा काटे काढून, कुस्करून, भातात कालवून दिला, तेव्हा कुठे दोन घास गेले. पुढे आलेल्या दोन गाड्यांना मकनी स्वतः सांगितलं, सून धांदरट आहे, आज नाही मिळायचं. मस्तुरा प्रत्येक वेळी हसली. पावलावर फोड टरारला होता. चार जीव वाचले, तेवढंच ती मनात धरून होती, आणि लाल हेल्मेट मनात येऊ देत नव्हती.

तीनच्या सुमाराला टेबलं रिकामी झाली. ओहोटीनं पाणी खांबांच्या बुडापर्यंत उतरलं. नुरीन पायऱ्या उतरून चिखलाशी खेळत होती. ती वर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत बेलांकास होता. खांबांच्या फटीत अडकून राहिलेला.

"नेनेक, बघ. हिचं शेपूट माझ्या पेन्सिलीसारखं आहे."

मस्तुरा ताटं धूत होती. हातातलं ताट तसंच राहिलं.

"आण इकडे," मक म्हणाल्या. त्यांनी नातीच्या हातातून बेलांकास घेतला, शेपूट चिमटीत धरलं, फिरवलं. "पेन्सिल कसली. धार आहे हिला."

"नाहीये धार."

"आजीला शिकवतेस?"

"बघ ना पण, नेनेक. गोल आहे."

मकनी पुन्हा फिरवलं. मग शेपूट उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग त्यांनी एक केलं जे मस्तुरानं कधी पाहिलं नव्हतं. रुमाल कानामागे सारून ते शेपूट स्वतःच्या गालावर टेकवलं, आणि हळूहळू फिरवलं. गालाला कळत होतं. गालाला सगळं कळत होतं. मकचा चेहरा जागच्या जागी म्हातारा झाला.

त्या उठल्या, कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या, बेलांकास पाण्यात सोडला आणि तो गढूळ पाण्यात दिसेनासा होईपर्यंत थांबल्या. वर आल्यावर ताटांच्या ढिगापाशी, सुनेशेजारी येऊन बसल्या.

"सकाळचं ते भांडं," मक म्हणाल्या. "गरम होतं?"

"हो."

"खूप?"

"मला धरवलं नसतं, मक."

मकनी हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले. बोटांच्या टोकांवर आता पाणी भरलं होतं. "टब तू मुद्दाम सांडलास."

मस्तुरानं होकारार्थी मान हलवली.

"मी तुला काय काय बोलले."

"चार माणसांत बोललात," मस्तुरा म्हणाली. "मी बोलले असते तर तेही चार माणसांतच झालं असतं."

मकनी सुनेचा पाय हातानं पुढे ओढला, फोडाकडे पाहिलं, आणि फुंकर घातली. लहान मुलाला घालतात तशी. मस्तुराला वाटलं, आता बोलावं. उद्या दवाखान्यात जाऊ म्हणावं. टब मी बघेन, तुम्ही फक्त कालवा म्हणावं. कालवण तुमच्यासारखं कुणाला जमतं? शब्द ओठांपर्यंत आलेच होते.

नुरीन दोघींच्या मध्ये येऊन बसली होती. तिनं आजीचं एक बोट धरलं, दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. आजीनं बोट मागे घेतलं नाही. मग ती आईकडे वळली.

"इबू, आजचं शेपूट तू बघितलंस ना?"

"हो राणी."

"मग काल त्या लाल हेल्मेटवाल्या ताईचं कुणी बघितलं होतं?"