कोऱ्या कापडाचे ओरखडे

पाडव्याला धनेशची गाडी नारपोलीच्या गल्लीत आली आणि त्याच दिवशी कमळबाईंनी मनाशी नेम धरला. वर्षभर, मुलगा कामाला निघायच्या आधी, गाडीच्या दोन दारांमधल्या काळ्या चकचकीत पट्टीला कुंकवाचं बोट लावायचं आणि मगच तोंडात पाणी घ्यायचं. पट्टीच का, तर तिच्यात चेहरा आरशासारखा दिसे आणि तिथे हात टेकवला की त्यांना बरं वाटे. आदल्या दिवशीचं कुंकू कोऱ्या कापडानं पुसायचं. देवाधर्माला कोरंच लागतं, आणि यजमान केसरीनाथ कापड विणणाऱ्या लूमवर कामाला, तेव्हा कोऱ्या कापडाच्या तुकड्यांना घरात तोटा नव्हता.

एका सकाळी धनेश तिरक्या उन्हात पट्टीसमोर वाकला आणि तिथूनच ओरडला, "आई! हे काय करून ठेवलंस?"

कमळबाई करंडा घेऊन येतच होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. पट्टीभर कोळ्यानं जाळं विणावं तशा बारीक, गोल गोल रेघा.

"मी कुठं काय केलं? रोज पुसते, तेवढंच."

"पुसत न्हाय तू, घासतेस. समई हाय का ती? आजचं लाव. उद्यापासून गाडीला हात लावायचा न्हाय. नमस्कार गॅलरीतून कर."

कमळबाईंनी वाद घातला नाही. आवाज चढवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. बोट लावलं, गाडी गेली. पण नेम हात लावायचा होता. उद्या गॅलरीतून हात जोडले की तो मोडला, यात त्यांना शंका नव्हती. आणि त्याहून जास्त एक गोष्ट मनातून जाईना. इतकं मऊ कापड, इतकी टणक पट्टी. मग रेघा उठल्या कशानं?

माळ्यावर बंद पडलेला टीव्ही होता. त्याची चौकट तशीच काळी, चकचकीत. कमळबाईंनी तो उतरवला आणि धूळ न पुसताच उन्हात ठेवला. एका कोपऱ्याला नुसतं कुंकू बोटानं हलकेच टेकवलं. दुसऱ्या कोपऱ्यावर कोरं कापड फिरवलं. तिसऱ्यावर केसरीनाथांच्या जुन्या धोतराचं फडकं, तेही कोरडंच, धुळीसकट. चौथ्यावर तेच फडकं, पण आधी पाणी शिंपडून. मग मान तिरकी करून त्या एकेक कोपरा बघू लागल्या.

केसरीनाथ दुपारी जेवायला आले ते दारातच थबकले. "काय गो, टीव्हीची पूजा मांडलीस काय?"

"बघा ना इकडे. कोरं कापड सगळ्यात जास्त ओरखडतंय."

"ओरखडणारच. कांजी असते त्यात. सुताला कांजी दिल्याशिवाय ते लूमवर टिकेल काय? तटातट तुटंल. चार धुण्यांशिवाय ती कांजी जात न्हाय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का न्हाय?"

"तू इतकी वर्षं देवाला नेसवत होतीस. देव कशाला तक्रार करतो!"

कमळबाई हसल्या, पण नजर चौथ्या कोपऱ्यावर होती. तिथे एकही रेघ नव्हती. देवघरात त्या आधी देवांना स्नान घालत आणि मग अंग टिपत. धुळीवर कोरडं कापड कधी फिरवत नसत. गाडीला मात्र त्यांनी स्नानाशिवायच पुसलं होतं.

संध्याकाळी धनेश पॉलिशची बाटली, मऊ स्पंज आणि केसाळ फडकी घेऊन आला. टीव्ही बघून म्हणाला, "प्रयोगशाळा काढलीस काय?"

"आधी यावर करून बघू. मग गाडीवर."

त्याला ते पटलं. कोऱ्या कापडाच्या कोपऱ्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घेऊन त्यानं स्पंज फिरवला, पुसलं. रेघा विरल्या. कमळबाईंनी बोट फिरवून पाहिलं. "गेल्या कुठं रे त्या?"

"गेल्या न्हाय. आजूबाजूचा अगदी पातळ थर घासून त्यांच्या बरोबरीला आणला."

"म्हंजे दरवेळी थोडी पट्टी कमी होते?"

"होते. म्हणून रोज पॉलिश न्हाय करायचं."

मग गाडीपाशी आले. पट्टी साबणाच्या पाण्यानं धुतली, टिपली, कडेच्या रबराला चिकटपट्टी लावली. थोडा वेळ धनेशनं केलं, मग स्पंज आईच्या हातात दिला. समईचा हात तो, लगेच जोर आला.

"हलकं, आई, हलकं! बाळाच्या गालाला पावडर लावतेस असं."

उन्हं उतरायच्या आत पट्टी पुन्हा काळीभोर झाली. खालच्या बाजूला एक रेघ तेवढी राहिली. धनेशनं तिच्यावर नख फिरवलं, ते अडकलं. "ही खोल हाय. हिच्या मागं लागलो तर पट्टीच जाईल."

"राहू दे," कमळबाई म्हणाल्या. मग हळूच, "उद्याचं काय रे?"

धनेश फडकी झटकत राहिला. "कुंकू काचेवर लाव. काच कडक असते."

"नेम पट्टीचा धरला हाय. पाणी घालून, कांजी गेलेल्या फडक्यानं नुसतं टिपीन. घासणार न्हाय. त्या कोपऱ्यावर बघितलंस ना तू?"

तो टीव्हीपाशी गेला. चौथ्या कोपऱ्याजवळ मान वाकडी करून या बाजूनं, त्या बाजूनं पाहिलं.

"फडकं रोजच्या रोज धुवायचं. आणि खाली पडलं तर ते बाद."

रात्री कमळबाईंनी कोरं कापड पाण्यात खळबळलं. पाणी भाताच्या पेजेसारखं पांढुरकं झालं. त्यांनी ते ओतलं, दुसरं घेतलं, पाण्याचा तळ दिसेपर्यंत. कोरं राहिलं नाही आता, असं क्षणभर मनात आलं. पण सोवळं तरी काय, धुऊन वाळवलेलंच असतं.

सकाळी तांब्यातलं पाणी पट्टीवरून ओघळलं, फडकं टिपत गेलं आणि ओल्या काळ्या पट्टीवर कुंकवाचं बोट उठलं. धनेश किल्ली हातात घेऊन उभा होता. कमळबाई पट्टीशी मान तिरकी करून होत्या. तशाच त्या हळूहळू पुढे सरकल्या.

"अरे, बोनेटचा रंग पण असाच ओरखडतो काय? तिथं उन्हात काहीतरी दिसतंय मला..."

"आई, बोनेट न्हाय हां! बोनेटला मी बघतो!"