पाचवी सवाष्ण

काशीत आता मराठी सवाष्ण शोधावी लागते. आमच्या लहानपणी दूधविनायकाच्या गल्लीत तोंडानं नुसतं म्हटलं की उद्या जेवण आहे, तर पाचाच्या जागी पंधरा पाट मांडावे लागत. मी सांगते ती गोष्ट नव्याण्णव सालची. तोवर निम्म्या घरांतली मुलं पुण्याला, नागपूरला नोकऱ्यांना लागून आईवडिलांना घेऊन गेली होती. राहिलेल्यांत माझ्यासारख्या विधवाच जास्त.

आमचे हे, ढुंढिराजशास्त्री, होते तोवर घरी यजमानांची रीघ असे. साताऱ्याचे, सांगलीचे लोक आठ-आठ दिवस राहायचे, माझ्या हातचं जेवायचे, जाताना रडायचे. हे गेले आणि यजमान दुसऱ्या घरी उतरू लागले. ज्या घरात गुरुजी नाहीत तिथं यात्रेकरू कशाला येईल? माझं पोळपाट-लाटणं तेवढं राहिलं.

अशात यांच्या एका जुन्या यजमानांचा नातू, ऋतुराज, पुण्याहून आला. त्यानं मित्रांबरोबर इंटरनेटवर कंपनी काढली होती. अमेरिकेत बसलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, कार्डानं पैसे भरायचे आणि त्याच्या नावानं काशीत सवाष्णी जेवायच्या. जेवण मी करायचं, संकल्प नीलकंठनं सांगायचा. नीलकंठ यांचा शिष्य, अहिल्याबाई घाटावर पूजा सांगायचा. पैसे जेवण झाल्यावर कंपनी पाठवणार.

"आणि काकू, पानं पत्रावळीचीच हवीत हं," ऋतुराज म्हणाला. "थर्माकोल नको. तिकडच्या लोकांना पर्यावरणाला धरून असलेलं फार आवडतं. वेबसाइटवर तसं खास लिहिणार आहे. पत्रावळीचा फोटो मोठा घेऊ."

"अरे, आम्ही ताटं नव्हती म्हणून पत्रावळीवर जेवायचो," मी म्हटलं.

"ते नका सांगू कुणाला," तो हसून म्हणाला.

चार-पाच जेवणं झाली. यजमान नसलेलं जेवण कसं असतं ते मला तेव्हा कळलं. बायका येत, पान वाढलं की खाली मान घालून जेवत, ओटी आणि दक्षिणा घेऊन उठत. मीठ कमी पडलं तरी कुणी बोलत नसे. कुणाला सांगायचं? ज्याचं जेवण तो समुद्रापलीकडे झोपलेला. नीलकंठ फोटो काढी आणि पाठवून देई.

कार्तिकातल्या एका शुक्रवारची ऑर्डर आली. न्यू जर्सीच्या कुणा बाईंची, पाच सवाष्णी. शेजारची इंदू होतीच. ती माझी लांबच्या नात्यातली जाऊ. मी विधवा, म्हणून कुंकू लावणं, ओटी भरणं ती करी. गल्लीतली सुनीती आणि तिची सून मिळाल्या, बँकेतल्या एका साहेबांची बायको मिळाली. पाचवी काही मिळेना.

"शरदिनीला विचारू का?" मी म्हटलं.

इंदूनं डाळ निवडायची थांबवली. "वहिनी, ती सवाष्ण आहे की नाही, हे तिला तरी ठाऊक आहे का?"

शरदिनी दुर्गाघाटावर वरच्या खोलीत राहायची, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिचा नवरा वीस-बावीस वर्षांपूर्वी हरिद्वारला जातो म्हणून गेला, तो परतला नाही. बारा वर्षं झाल्यावर लोकांनी सांगितलं, त्याचे विधी करून मोकळी हो. तिनं ऐकलं नाही. कुंकू लावत राहिली. तिला कुणी विधवा म्हणालं नाही आणि सवाष्ण म्हणून जेवायलाही बोलावलं नाही.

"कुंकू लावते ना ती? मग झालं," मी म्हटलं.

"अमेरिकेच्या बाईला काय कळणार म्हणा," इंदू म्हणाली आणि पुन्हा डाळ निवडू लागली.

गुरुवारी सकाळी मी रीतीप्रमाणे वाटीत तेल, पुडीत शिकेकाई आणि हळदकुंकू घेऊन घरोघर आमंत्रण देऊन आले. शरदिनीनं दारातच वाटी दोन्ही हातांनी घेतली. "माझ्याकडे?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "उद्या बाराला ये." ती वाटी हातात धरून तशीच उभी होती. मी जिना उतरले तरी दार लागल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी खालून पीसीओवाल्या मिश्राजींची हाक आली. "माताजी, पूनासे फोन है."

ऋतुराज होता. "काकू, उद्याचं रद्द करा. त्या बाईंचं कार्ड बँकेनं नाकारलं. पैसे आलेच नाहीत. मेल केलाय, उत्तर नाही."

"अरे, मी तेल देऊन आलेय."

"कसलं तेल?"

"आमंत्रणाचं. सवाष्णीला तेल-शिकेकाई दिली की आमंत्रण पक्कं."

"मग सांगा ना त्यांना, पुढच्या शुक्रवारी करू. काकू, पैसे आल्याशिवाय कंपनी काही देऊ शकत नाही. तुमचंच नुकसान होईल, म्हणून सांगतोय."

बिचारा खोटं सांगत नव्हता. डाळ-गूळ घरात येऊन पडला होता, पण तो टिकण्यासारखा होता. चौघींना तर मी गल्लीतूनच सांगू शकले असते. त्यांना उलट सुटल्यासारखं वाटलं असतं. राहिली शरदिनी. तिला समोर जाऊन सांगावं म्हणून मी शाल घेतली आणि निघाले. वाटेत शब्द जुळवत होते. कार्ड, बँक, अमेरिका. तिला काय सांगणार होते मी? की तुला जेवायला घालायचे पैसे आले नाहीत?

दार उघडंच होतं. ती खिडकीशी केस सोडून बसली होती. वाटीतलं सगळं तेल तिनं डोक्याला लावलं होतं. कानामागून ओघळत होतं ते पदरानं टिपत होती. दोरीवर हिरवं नऊवारी वाऱ्याला टाकलं होतं. घडीवर त्याचा रंग उडाला होता.

"या ना, प्रभावहिनी. पहाटे घाटावरच न्हाऊन येईन म्हणते," ती म्हणाली. "किती वर्षांनी आमंत्रणाचं तेल लावलं. हात थांबेचना. कुणाच्या नावाचं आहे हो जेवण? नाव कळलं म्हणजे न्हाताना त्यांच्यासाठी गंगेला हात जोडीन."

मी दोरीवरचं नऊवारी उगाच सरळ केलं.

"आपल्यातलंच कुणी आहे का?"

"हो, आपल्यातलंच," मी म्हटलं. "गार वाऱ्यात बसू नकोस तेल लावून." आणि परत आले. डाळ रात्रीच भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी पाच पाट मांडले, पत्रावळी मांडल्या. नीलकंठ कॅमेरा घेऊन आला. त्याच्याकडे न्यू जर्सीचं नाव-गोत्र लिहिलेलं होतं. त्यानं पळीत पाणी घेतलं तशी मी म्हटलं, "थांब. ते नाव नको."

"मग कुणाचं, काकू?"

"माझं. प्रभावती, कौशिक गोत्र. आणि कॅमेरा ठेव पिशवीत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग इंदूकडे. इंदू म्हणाली, "म्हणजे वहिनी, अमेरिकेचे पैसे नाही आले वाटतं?"

"नाही आले."

"आणि तुम्ही घरचं घालताय?"

"माझ्या घरी पाचजणी जेवल्या तर कुणाची हरकत आहे का?"

"माझी कशाला असेल? मी दोन वाट्या जास्त खाईन," इंदू म्हणाली. मग ती उठली आणि सगळ्यांना कुंकू लावत शरदिनीपाशी आली. तिथं क्षणभर तिचं बोट थबकलं. शरदिनीनं डोळे मिटून घेतले होते. इंदूनं करंड्यात बोट पुन्हा बुडवलं आणि इतर तिघींपेक्षा मोठं कुंकू तिच्या कपाळावर लावलं.

त्या दिवशी मात्र बायका बोलल्या. सुनीती म्हणाली, "कटाची आमटी थेट माझ्या सासूबाईंच्या हातची झालीय." तिच्या सुनेनं हिंदीतच विचारलं, "चाची, पूरन में जायफल डाला है ना?" बँकवाल्या बाई म्हणाल्या मीठ जरा पुढं आहे. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. शरदिनी सावकाश जेवत होती. एकेक घास हातात जरा वेळ धरत होती.

सगळ्या गेल्यावर ती थांबली. मी माझं पान घेऊन बसले तशी समोर येऊन बसली आणि मला वाढू लागली. हे गेल्यापासून मी जेवत असताना कुणी समोर बसलंच नव्हतं.

दहाबारा दिवसांनी पुन्हा मिश्राजींची हाक. ऋतुराज खुशीत होता. "काकू, त्या बाईंनी दुसरं कार्ड दिलं. पैसे आले. या शुक्रवारी घ्या. पाच सवाष्णी, पत्रावळी, फोटो."

मी तेलाची वाटी घेऊन आधी दुर्गाघाटावर गेले. शरदिनी शिकवणीची पाटी पुसत होती. वाटी बघून तिनं हात पुढं केला नाही.

"कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"मग नको, वहिनी," ती शांतपणे म्हणाली. "त्या बाईंना कुठं ठाऊक आहे मी कोण ते? मागच्या खेपेला तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी जेवू घातलंत. तेवढं पुरे. तुमचं घरचं काही असेल तेव्हा हाक मारा."

"माझ्या घरी आता काय निघणार?"

पाटी पुसून झाली होती तरी ती पुसत राहिली.

मी वाटी सांभाळत जिना उतरले आणि पीसीओवर जाऊन पुण्याला फोन लावला. म्हटलं, पाचवी मिळत नाही, चारच होतील.

"चालतील, काकू," ऋतुराज म्हणाला. "फोटोत कोण मोजतंय?"

मिश्राजींनी विचारलं, "बात हो गयी, माताजी?"

"हो गयी," मी म्हटलं. तेलाची वाटी त्यांच्या काउंटरवर ठेवून पैसे दिले, वाटी उचलली आणि उरलेल्या चौघींकडे जायला गल्लीत आले.