अवलंबित असल्याचा दाखला

कलम ३. कर्मचाऱ्याच्या घरातल्या वृद्धाच्या दिवसभराच्या सांभाळाचा खर्च कंपनी देईल व त्यावर कर लागणार नाही. मात्र परिचारिका घरी येऊन तपासणी करेल. दहापैकी सात गुण मिळाल्यास वृद्ध एकटा राहू शकतो असे समजून लाभ बंद.

सरकारने नियम बदलला, साहेबांनी मसुदा दिला आणि लाभ विभागातल्या कारकूनबाईंनी तो टाइप केला. शेवटचा पूर्णविराम दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की वृद्ध म्हणजे आपले बाबा. लाभ बंद म्हणजे बाबा दिवसभर जातात ते सांभाळ केंद्र बंद, आणि नोकरी सोडून आपण घरी.

(यानंतर तिने बाबांना समजावलं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. इथे त्याची एक ओळ पुरे.)

"म्हणजे मी मुद्दाम नापास व्हायचं?" बाबांनी विचारलं.

"मुद्दाम नाही हो. तुम्ही आहात तसेच राहा."

"या वयात नाक कापून घेऊ?"

बाबा लिफ्ट तपासणारे निरीक्षक होते. चाळीस वर्षं त्यांनी इतरांना नापास केलं होतं. ते कंबर कसून अभ्यासाला लागले. वार, तारीख घोकली. घड्याळ लावून शर्टाची बटणं घातली. मग परिचारिका आली.

वार? बरोबर.
तारीख? बरोबर.
बटणं? बरोबर. शिवाय परिचारिकेच्या ओळखपत्राची मुदत संपल्याचं त्यांनी दाखवून दिलं.

सहा प्रश्न, सहा गुण. आणखी एक गुण, की केंद्र बंद.

"घरात एकटे असताना चक्कर आली, तर काय कराल?"

"एकटा कसा असेन? हिला हाक मारीन."

"त्या ऑफिसात असतील तर?"

"मग हिची आई आहे की स्वयंपाकघरात."

परिचारिकेने लेकीकडे पाहिलं.

"नऊ वर्षं झाली," लेक हळूच म्हणाली.

उरलेले तीन प्रश्नही एकटं असण्याबद्दलच होते.

एकूण गुण: सहा. लाभ: चालू.

कलम ११. निकाल मान्य नसल्यास अपील करता येईल.

हेही तिनेच टाइप केलं होतं. बाबांनी मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला: 'चार प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे होते. पेपर पुन्हा तपासावा.' तो तिने ऑफिसात नेला, 'मिळाला' असा शिक्का मारला आणि अपिलांच्या टेबलावर ठेवला. ते टेबल तिचंच. निर्णयाची मुदत नव्वद दिवस.

संध्याकाळी ती चपला काढते तोच बाबा विचारतात, "लागला का निकाल?"

"विचाराधीन आहे, बाबा."

"कोण बसतं त्या टेबलावर?"

"आहे एक बाई."

"कामचुकार दिसतेय. उद्या चांगली खडसाव तिला."

"बरं," ती म्हणते.