मीटर कुठं मरतं

आमच्या जुन्या व्हॅनचं मीटर अधूनमधून मरायचं. पेट्रोलचा काटा, इंजिनच्या गरमीचा काटा, सिग्नलचे दिवे, सगळं एकदम बंद पडायचं आणि थोडे गचके बसले की आपोआप सुरू व्हायचं. एरवी मी फिकीर केली नसती. पण आठवड्यातून दोनदा त्याच गाडीनं बायकोला, चंद्रभागेला, कोंढ्याहून भंडाऱ्याला डायलिसिससाठी न्यावं लागे. मे महिन्यात परतताना काटा मेलेला होता, म्हणून इंजिन तापल्याचं मला कळलंच नाही. बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा आसपास एकही घर नव्हतं. हाताला पट्टी बांधलेली चंद्रभागा मोहाच्या झाडाखाली डोक्यावर पदर घेऊन बसून राहिली. शेवटी एका दूधगाडीवाल्यानं आम्हाला घरी सोडलं.

आमची मुलगी खुशबू नागपूरला असते. तिनं फोनवर बजावलं, की दिवाळीपर्यंत गाडी भरवशाची झाली तर ठीक, नाही तर आई कायमची नागपूरला येईल. गावात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, हे तिलाही माहीत होतं. चंद्रभागेला मात्र कोंढा सोडायचा नव्हता. माझ्या नोकरीपायी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या वर्षांना ती अजून परगावची वर्षं म्हणते. आणि ती गेल्यावर कोंढ्याच्या घरात मी एकटा काय करणार होतो? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तसं बोलणं मला कधी जमलं नाही. मी आपलं गाड्यांच्या वायरिंगवरचं एक पुस्तक मागवलं आणि वाचून काढलं. त्यातलं किती समजलं, कोण जाणे.

अड्याळला तेजराम नावाचा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं फ्यूज बदलले, अर्थिंगचा गंज खरवडला, मीटरमागचा एकेक जोड हलवून पाहिला. त्याच्यासमोर मीटर एकदाही मेलं नाही.

"काकाजी, दुकानात आली का हे गाडी सासरी आलेल्या जावयासारखी वागते," तो म्हणाला. मग हात पुसत त्यानं सांगितलं, "आता वायर पाहू नका. मीटर कुठं मरते, ते पाहा."

मी पाहू लागलो. मीटर मरायचं ते नाल्याच्या पुलाशी, रस्त्याकडेच्या मारुतीपाशी, नाही तर तलावाच्या पाळीवरच्या देवीपाशी. खड्डे म्हणावेत तर तिथं रस्ता चांगला होता. शिवाय औषधं आणायला मी त्याच रस्त्यानं एकटा गेलो, की मीटर एकदाही मरत नसे. मला वाटू लागलं, आपल्याच डोक्यात काही तरी बिघडलं आहे.

पोळ्यानंतरच्या एका फेरीत मारुती दिसला आणि मी मीटरवरची नजर काढून शेजारी पाहिलं. चंद्रभागेनं डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायांना बोटं लावली, जरा दाबून, आणि ती कपाळाला नेली. काटे खाली पडले.

तो गणपती व्हॅन घेतली तेव्हाचा. गोंदानं चिकटवलेला देव उन्हात सुटून पडतो आणि पडलेला देव बरा नाही, म्हणून तिनं दुकानदाराकडून तो स्क्रूनं पक्का बसवून घेतला होता. वाटेत देऊळ आलं, पूल आला, की ती त्याच्या पाया पडे. घरी आल्यावर ती निजली तेव्हा मी तो स्क्रू काढला. लांब होता. त्याच्या टोकानं खालून जाणारी मीटरची वायर कापत आणली होती. तांब्याच्या दोन तारांवर सगळं टिकून होतं, आणि वरून दाब आला की त्याही सुटत. तेजरामनं वायर जोडली, आखूड स्क्रू लावून गणपती जागेवर बसवला.

कारण सापडलं याचा मला इतका आनंद झाला होता, की मी ते तिला सांगून टाकलं. अगदी पुस्तकातल्यासारखी आकृती काढून.

"म्हंजे मी पाया पडली का बंद होत होतं?" तिनं विचारलं.

"तुझ्यानं नाही. स्क्रूनं."

"स्क्रू गनपतीचाच न?"

मी हसलो. ती हसली नाही.

पुढच्या फेरीला नाल्याचा पूल गेला, मारुती गेला. तिचे हात मांडीवरच होते. देवी आली तेव्हा मी गाडी हळू केली आणि म्हणालो, "लाव न हात, खुशबूची आई. आता काई होत नाही."

तिनं तलावाकडे तोंड फिरवलं.

"गनपती कवापासून सांगून राहिला होता, इले या रस्त्यानं नको नेऊ म्हनून," ती म्हणाली. "आपन वायर जोडून त्याचं तोंड बंद केलं."

तसं नसतं, हे मला माहीत होतं. तार, दाब, वीज, सगळं मला सांगता आलं असतं. पण आजवर माझ्या सांगण्यानं कुणाचं काही बदललेलं मला आठवत नव्हतं. आणि या वेळी सांगूनच मी सगळं घालवलं होतं. मी गाडी चालवत राहिलो. गाडी उत्तम चालत होती.

घरी परतल्यावर तिनं स्वतःच खुशबूला फोन लावला. गाडी सुधारली, असं आधी सांगितलं. मग म्हणाली, तरी मले घेऊन जा. डॉक्टरांनी तिचं पाणी मोजून द्यायला सांगितलं आहे. त्यातला दुपारचा अर्धा पेला घेऊन मी दारात उभा होतो. तिनं हातानं मला थांबवलं आणि फोनमध्ये विचारलं, तिकडे इथल्या अंगणासारखी तिची खाट बाहेर टाकायला जागा आहे का.

खुशबू काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

"बरं, नसू दे," चंद्रभागा म्हणाली.