शब्द पुरवू नका

“प… प… प…” चर्चमध्ये वाचनाच्या मेजापाशी नळवाला अडकला आणि पहिल्या बाकावर बसलेल्या मला घाम फुटला. ‘पिता’ एवढाच शब्द. पाळकांनी तो हळूच पुरवला. नळवाल्यानं हात वर केला.

“था… थांबा, पाळकसाहेब. गाठ माझी आहे, मीच सोडवीन. कुणी शब्द पुरवू नका.” मग हसून म्हणाला, “देवानं हीच जीभ दिलीय. त्याच्याच घरात दु… दुसरी कुठून उसनी आणू?”

मंडळी हसली आणि थांबली. अख्खं चर्च एका शब्दासाठी ताटकळलं. तो आला तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हातारीनं डोळे पुसले. एकवीस वर्षं मी इथे अस्खलित वाचतोय. माझ्या वाचनाला हीच म्हातारी डुलक्या काढते.

उगाच गोड कशाला बोलू, माझ्या अंगाची लाही लाही झाली. कारण तोतरा मीही आहे, फक्त कुणाला पत्ता नाही. माझा घोळ फक्त ‘प’वर. बस स्थानकावर घोषणा मी करतो; पाचव्या फलाटाला ‘शेवटचा फलाट’ म्हणतो, लोकांना ते त्याचं नावच वाटतं. तहान लागली की “घसा सुकलाय”. शास्त्रपाठात ‘पिता’ आला की बेधडक ‘बाप’ वाचतो. पाळक म्हणतात, किती घरगुती वाचता हो तुम्ही!

बायकोचं नावही ‘प’चंच. लग्नात ते पाळकांनी घेतलं, मी ‘होय’ म्हणून सुटलो. तेव्हापासून ती ‘अगं’. नवरे तसंच हाक मारतात, त्यामुळे निभावलं.

घरी येताना तीच म्हणाली, “काय वाचलं हो त्यानं!”

“एका ओळीला एवढा वेळ!”

“तुमचं छानच असतं. पण तुम्ही त्यात नसता.”

हे वर्मी लागलं.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि तिनं नेमकं त्यालाच बोलावलं. तो ओट्याखाली शिरला. वर तिनं त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकला. मला विचारलंही नाही.

“सगळ्यांसमोर असं अडखळताना लाज नाही वाटत?” मी खाली वाकून विचारलं. कुजकेपणानंच.

“वा… वाटायची की. शब्द बदलून बोलायचो. मग प्रार्थनेतही बदलायला लागलो.” आतून पान्याचा आवाज आला. “म्हटलं, ज्यानं घडवलं त्याच्यापुढेही सोंग? तो हाक मारणार मला, आणि मी तिथे नाहीच! त्या दिवशी सो… सोडलं सगळं.”

चहा पिऊन तो गेला. नळ गळायचा थांबला. माझ्या डोक्यातली टपटप सुरूच राहिली. जे मला एकवीस वर्षांत जमलं नाही ते हा पाना खिशात घालून घेऊन गेला होता.

संध्याकाळी जेवायला बसलो. प्रार्थना रोज मीच करतो. हात जोडले. “देवा, या अन्नासाठी उपकार. हिला सांभाळ,” एवढंच म्हणतो मी रोज. तिचं नाव देवानं माझ्या तोंडून कधी ऐकलेलंच नाही.

“देवा, माझ्या प… प…”

तिनं डोळे उघडले. आधी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“प… प…”

मग तिचा हात पेल्यावरच थांबला. ओठ हलले; ते नाव तिच्याइतकं कुणाला पाठ असणार? पण तिनं ओठ मिटले, पुन्हा हात जोडले, डोळे मिटले आणि वाट बघत बसली. ताटातलं निवत होतं.