जिवंत माणसाचा सूट

मित्रांनो, मला जुना म्हणा, वापरलेला म्हणा, बाजारात दोरीवर लोंबकळणारा म्हणा, मला मुळीच राग यायचा नाही. फक्त मेलेल्याचा म्हणू नका! त्या एका शब्दापायी माझ्यावर केवढं बालंट आलं होतं ते ऐकाल, तर हसून हसून पोट धराल. मी एक राखाडी सूट आहे. एक कोट आणि एक पँट, एवढाच माझा संसार. राहतो बोलिव्हियात, ला पास शहराच्या डोक्यावर वसलेल्या एल आल्तोमध्ये. इथे भर उन्हातही दात वाजतात, त्यामुळे माझ्यासारख्या लोकरीच्या कापडाला मान आहे.

माझा जन्म खाली ला पासमध्ये झाला, एका चढाच्या गल्लीत, सेव्हेरो मास्तरांच्या दुकानात. मास्तर चणीने बारीक, पण जिभेने तिखट. त्यांनी माझ्यावर खडूच्या रेघा ओढल्या, कच्चे टाके घातले, ते उसवून पुन्हा घातले. माझ्या शिवणीत त्यांनी भरपूर माया सोडली, म्हणजे पुढेमागे सैल करता यावं म्हणून आत दडवलेलं जादा कापड. "माणूस काय, आज एवढा आहे तर उद्या तेवढा होईल," असं ते सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटायचे. शेवटी आतल्या खिशावर त्यांनी आपल्या नावाची आणि गल्लीची पट्टी शिवली. ती पट्टी मी अजून मिरवतो.

माझे पहिले धनी रामिरोसाहेब, पोस्टातले कारकून. मला घालून ते नोकरीवर रुजू झाले, मला घालूनच बोहल्यावर चढले आणि स्वतःच्या लग्नात इतके नाचले की माझ्या काखेतली शिवण उसवली. काय दिवस होते ते! लोक वळून वळून बघायचे. पण साहेबांना सालतेन्यांचा भारी नाद. सालतेन्या म्हणजे रश्शाने गच्च भरलेल्या गरमागरम करंज्याच म्हणा ना. मास्तरांच्या दुकानासमोरच त्या मिळायच्या. साहेब माझी कंबर सैल करायला यायचे आणि जाताना समोर थांबून ती पुन्हा भरून काढायचे.

अखेर एक दिवस मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "रामिरो, माया संपली. आता तू तरी थांब, नाहीतर नवा सूट शिव."

साहेबांनी नवा सूट शिवला. माझी रवानगी पेटीत झाली, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. तिथे किती वर्षं गेली कुणास ठाऊक. अंधारात पडल्या पडल्या मी लग्नातला बँड आठवायचो आणि स्वतःशीच झुरायचो. पुढे साहेबांच्या बायकोने घर आवरायला काढलं आणि खिसे न चाचपताच मला जुन्या कपड्यांच्या बोचक्यात टाकून विकलं.

असा मी एल आल्तोच्या बाजारात आलो. हा बाजार म्हणजे गावभर पसरलेली जत्राच. गाडीच्या दारापासून बाहुलीच्या डोळ्यापर्यंत काय हवं ते मागा. देल्फिना नावाच्या बाईने मला दोरीवर टांगलं. एका बाजूला प्रेशर कुकर, दुसऱ्या बाजूला फुटबॉलचे बूट! लोक यायचे, बाही चिमटीत धरायचे, नाक मुरडायचे आणि पुढे जायचे. कुणी म्हणायचा रंग उडालाय, कुणी म्हणायचा कंबर आहे की पिंप. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि मग विल्मर आला. उंच, किडकिडीत पोरगा, बोटांना शाईचे डाग. तो आणि त्याची आई बासिलियाबाई, दोघंच. बाई भल्या सकाळी गाडीवर आपी विकायच्या. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं दाट, गरम पेय. ते विकून विकून त्यांनी पोराला विद्यापीठापर्यंत पोचवलं होतं. आता तो इंजिनीअर होणार होता. फक्त शेवटची पायरी उरली होती. भरल्या सभागृहात, परीक्षकांसमोर उभं राहून आपला प्रबंध मांडायचा. त्याला सूट-टाय हवाच. आमच्याकडे तो नसला तर पोराला दारातूनच परत पाठवतील!

विल्मरने आयुष्यात सूट घातला नव्हता आणि खिसाही बेताचाच होता. आधी तो नव्या सुटांच्या दुकानात जाऊन आला होता. त्याच्या पैशात बसणारा नवा सूट चकचकीत होता, पण नुसता पुठ्ठा. हात वर केला की अख्खा कोट वर! भाड्याचाही पाहिला होता, पण पुढे नोकरीच्या मुलाखती होत्या. दरवेळी भाडं कुठून आणायचं? त्याने मला अंगावर चढवलं, तेव्हा देल्फिनाने त्याला गर्रकन आरशासमोर फिरवलं.

"कासेरितो, कंबरेकडे बघू नकोस, खांदे बघ!" आमच्याकडे गिऱ्हाइकाला अशीच लाडाची हाक मारतात. "कंबर कुणीही आत घेतो. खांदे बसले नाहीत ना, तर देवसुद्धा काही करू शकत नाही."

विल्मरने हात वर केले, खाली केले, स्वतःलाच मिठी मारून पाहिली. माझे खांदे त्याच्या खांद्यांवर असे बसले, जणू मास्तरांनी त्याचंच माप घेतलं होतं. त्याने माझी बाही मुठीत चुरगाळली आणि सोडली. मी सगळा जीव एकवटून सुरकुती झटकून टाकली. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, एवढी मेहनत मी रामिरोसाहेबांच्या लग्नातही केली नव्हती.

"वर काय देतेस?" विल्मरने विचारलं. घासाघीस झाल्यावर वर काहीतरी मागितलं नाही, तर आमच्याकडे सौदा पुरा होत नाही.

"हाडं देऊ का माझी?" असं म्हणत देल्फिनाने एक नारिंगी टाय त्याच्या गळ्यात टाकला. टाय भयंकर होता. पण पोरगा खुशीत होता आणि त्याच्याहून खुशीत मी.

ती खुशी विल्मरच्या घराच्या दारापर्यंतच टिकली.

बासिलियाबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. कापडावरून हात फिरवला, अस्तराचा वास घेतला, खिशात हात घातला. आतल्या खिशातून निघाली एक काळी फीत. मयताला जाताना पुरुष कोटावर लावतात ना, तसली. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला विंचवासारखं झटकलं.

"मेलेल्याचा आहे हा! अरे पोरा, मेलेल्याचे कपडे आठव्या दिवशी नदीवर धुऊन जाळायचे असतात, कळत कसं नाही तुला? तू हा घालून उभा राहशील आणि तो येईल, 'माझा कोट दे' म्हणून!"

मी मनातल्या मनात ओरडलो, अहो बाई, ती फीत साहेबांनी त्यांच्या पोस्टमास्तरांच्या मयताला लावली होती! साहेब धडधाकट आहेत, नुसते सुटलेत! पण सुटाला तोंड नसतं, मित्रांनो. आमचं सगळं दुःख बटणाखाली.

"आई, अगं दुसरा घ्यायला पैसे कुठायत? शुक्रवारी परीक्षा आहे."

"मग तू घाल. मी नाही यायची."

विल्मर मटकन खाली बसला. "तू नाही आलीस तर मी तिथे बोलू कुणासमोर? आई, एवढी वर्षं मी हेच डोळ्यांसमोर आणलंय गं. मी वर उभा आणि तू समोर बसलेली."

बाईंनी चुलीकडे तोंड फिरवलं. मी खुर्चीवर पडलो होतो आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. मायलेकरांत माझ्यामुळे फूट पडली होती.

दुसऱ्या दिवशी विल्मरला माझी ती पट्टी दिसली. "कंबर तर आत घ्यायचीच आहे. चल, ज्याने शिवला त्यालाच विचारू कुणाचा ते." बाईंनी खूप आढेवेढे घेतले, पण निघाल्या. मला त्यांनी पाठीवर बांधायच्या रंगीत कापडात गुंडाळलं, वर रक्षणाला सतापाची डहाळी खोचली आणि वाटभर गाठोडं अंगापासून लांब धरलं.

सेव्हेरो मास्तर आता पार वाकले होते, पण त्यांची बोटं माझ्या कॉलरखाली शिरली मात्र, आणि मला भरून आलं.

"अरेच्या! हा तर आमचा रामिरो!"

बासिलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला. "कधी गेले हो बिचारे?"

"आत्ताच."

"अगं आई गं!"

"समोर गेलाय, सालतेन्या खायला. रोज याच वेळेला जातो." मास्तरांनी दारातून हाळी दिली, "रामिरो! ए रामिरो! तुझा आत्मा आलाय रे इथे!"

आणि रस्ता ओलांडून आले की हो माझे साहेब! डोईवरचे केस गेलेले, पोट दाराच्या आधी आत आलेलं, हनुवटीवरून रस्सा ओघळतोय. बासिलियाबाई दोन पावलं मागे सरल्या, मग तीन पुढे आल्या आणि त्यांनी साहेबांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं! अहो बाई, काय हे?"

"जिवंत आहेत," बाई विल्मरकडे वळून म्हणाल्या. "ऊन लागतायत हाताला."

सगळी हकिकत ऐकून साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. काळी फीत पाहिल्यावर मात्र त्यांनी ती हळूच हातात घेतली. "आमचे पोस्टमास्तर गेले तेव्हाची आहे. भला माणूस होता." मग मला उचलून त्यांनी अंगात घालून पाहिलं. माझं बटण एका गावाला आणि काज दुसऱ्या गावाला! मास्तर टेबल बडवून हसायला लागले. विल्मर हसला. मीही हसलो, एक टाका तुटला तेवढा.

फक्त बासिलियाबाई हसत नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांना शालीचं टोक लावलं.

"आता काय झालं आई? बघितलंस ना, जिवंत आहेत काका."

"मेलेल्याचं राहू दे रे. पोरा, तू लहानपणापासून दुसऱ्याचे उतरलेलेच घातलेस. शाळेचा स्वेटर दुसऱ्याचा, बूट दुसऱ्याचे. मी मनाशी म्हणत होते, निदान या दिवशी तरी माझ्या पोराच्या अंगावर नवं असेल. तेवढंही मला जमलं नाही. मी कुठल्या तोंडाने तिथे येऊन बसू?"

 विल्मर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. "आई, नवा अंगावर घालून बघितला होता मी. कुणाकडून उसना आणल्यासारखा वाटत होता. हा घातला आणि मला वाटलं, हां, आता मी बोलू शकेन. आवडला म्हणून घेतला गं. नुसता परवडला म्हणून नाही."

बाईंनी नाक पुसलं. त्या उठल्या आणि माझा कोट उघडून अस्तर बघायला लागल्या. अस्तर खरंच विरलं होतं. "मास्तर, हे तरी बदलता येईल का? नवं घाला. आणि रंग मी निवडणार."

"निवडा की. पण काळा किंवा करडा घ्या, सुटाला शोभेल असा."

"शोभायचं मला सांगू नका." त्यांनी तागे धुंडाळून जांभळं साटीन काढलं, त्यांच्या आपीसारखं गर्द. मास्तरांनी कपाळावर हात मारला. पण दिवसभर खपून त्यांनी माझी कंबर आत घेतली, ते अस्तर लावलं आणि बाईंनी डोळ्यांत तेल घालून टाका न् टाका पाहिला. तो नारिंगी टाय साहेबांनी जप्त केला आणि आपला निळा विल्मरला देऊन टाकला.

शुक्रवारी मी सभागृहात उभा होतो. आत विल्मरचं काळीज असं धडधडत होतं की माझी बटणं हलत होती. परीक्षक चष्म्यावरून पाहत होते. बासिलियाबाई अगदी शेवटच्या रांगेत, घोळदार झग्यात, डोक्यावरची गोल टोपी काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विद्यापीठात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. चढावरच्या वस्त्यांना पाणी कसं पोचवायचं, हे विल्मर सांगत होता. सुरुवातीला त्याचा आवाज कापला. मग त्याने शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि पुढे तो आईलाच सांगत गेला, घरी चुलीपाशी बसून सांगावं तसं. त्यातलं बाईंना किती कळलं ते मला माहीत नाही, पण त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

परीक्षकांनी निकाल वाचला. उत्तीर्ण, आणि वर शाबासकी!

बाहेर एकच गिल्ला झाला. आमच्याकडे अशा दिवशी माणसाच्या डोक्या-खांद्यांवर रंगीत कागदाचे कपटे उधळतात, गळ्यात हार घालतात. रामिरोसाहेब हार घेऊन आले होते, मास्तर आले होते. बासिलियाबाई मुठी भरभरून कपटे घेऊन धावत आल्या आणि हातभर अंतरावर थबकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं.

"नको बाबा, चुरगळेल," त्या म्हणाल्या. "किती छान दिसतोयस. रंगही लागेल."

"लागू दे गं आई!" असं म्हणून विल्मरने त्यांना ओढून अशी मिठी मारली की त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले. माझी छाती दबली, कॉलर वाकडी झाली, बाईंचे अश्रू आणि कपट्यांचा गुलाबी रंग माझ्या खांद्यात मुरला. बाई काही सोडायला तयार नव्हत्या. मित्रांनो, इतका सुखी मी कधीच नव्हतो.

आता माझी कोपरं झिजलीत. तरी विल्मरच्या मुलाखती, नोकरीचा पहिला दिवस, चुलतभावाचं लग्न, सगळं मी पार पाडलंय. म्हणून हक्काने सांगतो. कपडा जुना असला तरी त्याला जपा. खिळ्याला टांगू नका, खांदे उतरतात. पेटीत विसरू नका, कसर लागते. ब्रश फिरवा, कधीतरी ऊन दाखवा. पण कुणी मिठी मारायला हात पसरून येत असेल, तर आमचा मुळीच विचार करू नका. चुरगळलो तर चुरगळलो, इस्त्री आहे की!